हिशेबपट्टीच्या प्रोग्रामला प्लगइन: दारं मोजकी, चौकट पक्की

नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात तीन गाळे घ्या: एक संत्र्याचा, एक मिरचीचा, एक धान्याचा. तिघांनाही शेवटी एकच कागद हवा असतो, शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशेबपट्टी. पण संत्र्याचा भाव टनावर, धान्याचा क्विंटलवर. मिरचीत बारदान्याचं वजन वजा करायची ज्याची त्याची रीत. काटा एकाकडे या बनावटीचा, दुसऱ्याकडे त्या. प्रिंटर एकाचा ८० मिलिमीटरचा, दुसऱ्याचा ५८ चा. असा प्रोग्राम लिहिणारा पहिल्या वर्षी 'हा गाळा असेल तर असं, तो असेल तर तसं' अशा अटी टाकत जातो. दुसऱ्या वर्षी मिरचीवाल्यासाठी केलेली दुरुस्ती संत्रेवाल्याची पट्टी बिघडवते. इथे प्लगइन व्यवस्था कामाची: मुख्य प्रोग्राम, म्हणजे गाभा, तोच राहतो आणि वेगळेपण बाहेरून जोडायच्या छोट्या तुकड्यांत जातं. खालची बांधणी पायथॉनमधली आहे, पण विचार कुठल्याही भाषेत तोच राहील.

फायली शोधून लोड करणारा कोड शंभर-दीडशे ओळींचा असतो, तो एका दुपारी होतो. महिने जातात ते गाभा आणि प्लगइन यांच्यातला करार ठरवण्यात: कोण कोणाला काय देणार, काय देणार नाही. म्हणून हा लेखही त्याच भागावर जास्त थांबतो.

आधी छाटणी: कशाला प्लगइन नको

दर बदलतो आणि पद्धत बदलते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले, बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या. हा दराचा बदल. तो 'कोणत्या तारखेपासून किती' अशा टेबलात बसायला हवा. त्यासाठी कोणी कोड लिहीत असेल तर रचनेतच खोट आहे. उलट जुलै २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तो पद्धतीचा बदल होता. टक्का तोच ठेवला तरी रक्कम पट्टीच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेली. असा बदल टेबलात मावत नाही, तिथे प्लगइन.

दुसरी चाळणी अनुभवाची आहे: एकाच जागी खरोखर वेगळ्या अशा तीन पद्धती हातात येईपर्यंत तिथे जोड (प्लगइन बसवायची जागा) काढू नका. एका उदाहरणावरून काढलेला जोड त्या उदाहरणाच्याच मापाचा होतो, दोनवरून काढलेला दोघांतली तडजोड. तिसरा आला की नेमकं बदलतं काय आणि कायम काय, ते दिसतं.

जोड तीनच: काटा, कपात, छपाई

या प्रोग्रामात वरच्या चाळणीतून तीन जागा उरतात. शिवाय 'पट्टी जतन झाली' अशी एक दवंडी ठेवावी; तिच्यावरून कोणी एसएमएस पाठवेल, कोणी हिशेबाच्या दुसऱ्या प्रोग्रामला नोंद देईल. 'कुठलीही स्क्रीन, कुठलंही टेबल प्लगइनला मोकळं' हा चौथा मोह टाळायचा.

का, ते फायरफॉक्सनं मोठी किंमत देऊन दाखवलं. त्याच्या जुन्या ॲड-ऑनना ब्राउझरच्या आतल्या जवळपास सगळ्या भागांना हात घालता येई. लोकांनी अफाट गोष्टी केल्या, पण आतलं काहीही बदललं की कोणाचं तरी ॲड-ऑन मोडायचं. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत ती जुनी पद्धत बंद झाली आणि फक्त मर्यादित करारावर चालणारी एक्स्टेन्शन्स राहिली. जे एकदा उघडं दिलं, ते काढून घेताना भांडण होतं.

प्रत्येक जोडाची जात आधी ठरवा. काटा हा 'एकच उत्तर' जातीचा: एका वेळी एकच प्लगइन चालू, दुसरं नोंदवू पाहिलं तर स्पष्ट चूक दाखवायची. दवंडी सगळ्यांना ऐकू जाते, कोणाचंच उत्तर गाभा वापरत नाही. कपातीची जात ठरवताना मात्र बहुतेक जण चुकतात.

सहज सुचतं ते असं: पट्टी एका प्लगइनकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे द्यायची आणि प्रत्येकानं तिच्यात बदल करायचा. वर्डप्रेसचे फिल्टर याच साखळीनं चालतात आणि क्रम ठरवायला अग्रक्रमाचा आकडा असतो, न सांगितल्यास १०. मजकुराला हे चालून जातं. पैशाला नाही. कारण हमालीच्या प्लगइननं आधी रक्कम कमी केली की तोलाईचं प्लगइन उरलेल्या रकमेवर टक्का काढतं. क्रम उलटला की पट्टी बदलते. मग एक लेखक आपला आकडा १ करतो, दुसरा ०, तिसरा उणे १००.

यावर उपाय असा की प्लगइननं पट्टीला हातच लावायचा नाही. त्यानं फक्त ओळी परत द्यायच्या: कपातीचं नाव, रक्कम, भार कोणावर, शेतकरी की खरेदीदार. बेरीज-वजाबाकी गाभा करतो. उदाहरणापुरते आकडे घ्या: ११७ क्रेट, प्रत्येकी २० किलो, म्हणजे २,३४० किलो संत्री. भाव टनाला २४,००० रुपये, ढोबळ रक्कम ५६,१६० रुपये. हमालीचं प्लगइन क्रेटमागे ४ रुपयांनी ४६८ ची ओळ देतं, तोलाईचं टनामागे ५० नं ११७ ची. गाभा ५८५ वजा करून ५५,५७५ लिहितो. दोन्ही प्लगइन कुठल्याही क्रमानं चालली तरी पट्टी तीच. २०१६ सारखा बदल पुन्हा आला तर ओळीतला 'भार कोणावर' एवढाच बदलतो.

एखादी कपात खरंच निव्वळ रकमेवर असेल, तर प्लगइननं तसं आधीच जाहीर करायचं आणि गाभ्यानं दोन फेऱ्या करायच्या: पहिली ढोबळवाल्यांची, दुसरी निव्वळवाल्यांची. दोनच. तिसरी फेरी कोणी मागितली तर आधी त्याची वही बघून घ्या. बहुधा तो दोन कपाती एका नावाखाली मोजत असतो.

करार: प्लगइनच्या हाती काय पडतं

प्लगइनला डेटाबेसचं कनेक्शन देऊ नका. पट्टीची गोठवलेली प्रत द्या. पायथॉनमध्ये डेटाक्लास 'फ्रोझन' करून हे होतं, पण त्यात लिस्ट ठेवली तर लिस्टच्या आतलं तरीही बदलता येतं. तिथे टपल (न बदलणारी यादी) वापरा.

रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांक. वरचं उदाहरण मग असं होतं: २३,४०,००० ग्रॅम गुणिले टनाचा भाव २४,००,००० पैसे, भागिले १०,००,००० ग्रॅम, उत्तर ५६,१६,००० पैसे. फ्लोट (यंत्राचा अंदाजे दशांश आकडा) कुठेच येत नाही. टक्केवारीला डेसिमल वापरा आणि पूर्णांकन गाभ्याच्या एकाच फंक्शनमधून करायला लावा. पायथॉनचं स्वतःचं 'राउंड' बरोबर मध्यावरची रक्कम जवळच्या सम अंकाकडे नेतं: ५५,५७४.५० चे ५५,५७४ होतात, ५५,५७५.५० चे ५५,५७६. अडत्याच्या वहीत अर्धा रुपया नेहमी वर जातो. एक रुपयाचा हा फरक रोज संध्याकाळी रोकड जुळवताना निघतो आणि शोधायला दोन दिवस खातो.

करार लिहायला पायथॉनमध्ये दोन साधनं आहेत. ॲबस्ट्रॅक्ट बेस क्लास वापरला तर एखादी मेथड लिहायची राहिली असताना ऑब्जेक्ट तयार होतानाच चूक येते. प्रोटोकॉल जास्त मोकळा: त्यात वारसा लागत नाही, मेथड असल्या की झालं. पण चालू प्रोग्राममध्ये त्याची तपासणी फक्त मेथडची नावं बघते, तिला किती आणि कुठले आर्ग्युमेंट लागतात ते बघत नाही. बाहेरच्या माणसांचा कोड येणार असेल तर बेस क्लास घ्या. आर्ग्युमेंट नावानंच द्यायची सक्ती ठेवा, म्हणजे क्रम बदलल्यानं कोणी मोडत नाही. पायटेस्ट या चाचणीच्या साधनाच्या पोटात असलेली प्लगी ही लायब्ररी याहून पुढे जाते: प्लगइननं करारातले काही आर्ग्युमेंट मागितलेच नाहीत तरी तिला चालतं, त्यामुळे नवा आर्ग्युमेंट वाढवला तरी जुनी प्लगइन चालत राहतात. दहाहून जास्त जोड होणार असतील तर स्वतः लिहिण्यापेक्षा तीच घ्या.

कराराला स्वतःचा आवृत्ती क्रमांक द्या, प्रोग्रामच्या आवृत्तीशी त्याला बांधू नका. प्रोग्राम महिन्याला बदलेल, करार वर्षातून एकदा बदलला तरी पुष्कळ. ऐच्छिक गोष्ट वाढली तर दुसरा आकडा वाढवायचा. काही काढलं किंवा अर्थ बदलला तर पहिला. आणि अर्थ बदलणं हे काढण्यापेक्षा वाईट. 'वजन' या नावाखाली आधी बारदान्यासकट वजन जात होतं आणि आता निव्वळ जाऊ लागलं, तर कुठलीच चूक दिसणार नाही, फक्त पट्ट्या चुकतील. अशा वेळी 'निव्वळ वजन' असं नवं नाव द्या आणि जुनं जुन्याच अर्थानं एक मोठी आवृत्ती पुढेपर्यंत चालू ठेवा.

मॅनिफेस्ट

प्रत्येक प्लगइनचं एक फोल्डर आणि त्यात एक जेसन फाइल: हीच मॅनिफेस्ट, प्लगइनची ओळखचिठ्ठी. गाभा सुरू होताना फक्त या फायली वाचतो. कोड गरज पडेल तेव्हाच लोड होतो. जेसनमध्ये नावं देवनागरीत चालतात:

{
  "ओळख": "संत्रा-हमाली",
  "आवृत्ती": "१.४.०",
  "करार": "२.१",
  "जोड": "कपात",
  "आधार": "ढोबळ",
  "सुरुवात": "hamali",
  "परवानगी": []
}

आकडे अवतरणात आहेत ते मुद्दाम. जेसन देवनागरी अंकांना आकडा मानत नाही. पायथॉन मात्र तीच अक्षरं पूर्णांकात बदलायला सांगितली तर मुकाट्यानं बदलतो.

तीन खड्डे इथे हमखास आहेत. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथॉन साधारणपणे यंत्राचं जुनं कोडपेज धरतो आणि देवनागरीचा चिवडा होतो, म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. नोटपॅडच्या काही आवृत्त्या फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची अदृश्य खूण ठेवतात आणि जेसन वाचणारा तिच्यावर अडखळतो. 'यूटीएफ-८-सिग' वापरलं की खूण असो-नसो, दोन्ही चालतं. तिसरा खड्डा खास आपला: 'ऱ' हे अक्षर एका कोडनंही लिहिता येतं आणि 'र' खाली नुक्ता देऊन दोन कोडनंही. डोळ्याला एक, तुलनेत दोन. मजकूर वाचल्यावर तो एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणून मगच जुळवा. फंक्शनची नावं देवनागरीत ठेवली तर हाच घोळ कोडमध्ये शिरतो: पायथॉन कोड वाचताना नावं एका रूपात आणतो, पण मॅनिफेस्टमधलं नाव घेऊन ॲट्रिब्यूट शोधताना तसं करत नाही. नावं रोमनमध्ये ठेवा, मजकूर मराठीत.

लोडर

प्लगइनचं फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये नको, सामान्य खात्याला तिथे लिहिता येत नाही. 'प्रोग्रामडेटा'त ठेवा. प्लगइन पिपनं (पायथॉनचं पॅकेज बसवायचं साधन) बसणार असतील तर एंट्री पॉइंट्सची, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांतली प्लगइन शोधायची, सोय पायथॉनमध्येच आहे: इंपोर्टलिब मेटाडेटा ३.८ पासून, त्यात गटाचं नाव थेट देऊन निवडणं ३.१० पासून. पण गाळ्यावरच्या यंत्रात अजून विंडोज ७ असेल तर तिथे पायथॉन ३.८ च्या पुढे जात नाही, हे आधी बघून घ्या. गाळ्यावर पिप चालवायला कोणी बसत नाही, म्हणून इथे फोल्डरच धरू.

क्रम असा. फोल्डरांची यादी घ्या आणि नावानं लावून घ्या. यंत्रणा ती कुठल्या क्रमानं देईल याचा भरवसा नाही. मॅनिफेस्ट वाचा, करार जुळतो का बघा. जुळत नसेल तर कोड न उघडताच 'या प्लगइनला करार ३ लागतो, प्रोग्राममध्ये २.१ आहे' अशी नोंद करून पुढच्याकडे जा. मग मुख्य फाइल लोड करा, पण मॉड्यूलचं नाव 'प्लगइन' आणि ओळख जोडून वेगळं द्या. प्लगइनचं फोल्डर सिस-पाथमध्ये (पायथॉन मॉड्यूल शोधतो त्या जागांच्या यादीत) टाकून साधा इंपोर्ट करू नका. दोन प्लगइनमध्ये 'युटिल्स' नावाची फाइल असतेच असते; जी आधी लोड झाली तीच दुसऱ्यालाही मिळते आणि मिरचीची कपात संत्र्याच्या सूत्रानं निघते.

नवं मॉड्यूल चालवण्याआधी ते सिस-मॉड्यूल्समध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) नोंदवा. नाहीतर आतले डेटाक्लास कधीकधी विचित्र चूक देतात, कारण ते आपलं मॉड्यूल तिथे शोधतात. चालवताना चूक आली तर ती नोंद काढून टाका, अर्धवट मॉड्यूल मागे ठेवू नका. प्रत्येक प्लगइनला स्वतंत्र ट्राय-एक्सेप्ट. त्यात 'एक्सेप्शन' पकडणं पुरत नाही: प्लगइनच्या लेखकानं चाचणीसाठी 'सिस-एक्झिट' लिहून तसंच ठेवलं असेल, तर त्यातून निघणारा 'सिस्टिम-एक्झिट' एक्सेप्शनच्या कुळातला नाही आणि अख्खा प्रोग्राम बंद होतो. तोही पकडा.

प्रोग्राम पायइन्स्टॉलरनं एका फाइलीत बांधला असेल तर आणखी एक सापळा आहे. तो गाभ्यात वापरलेलीच मॉड्यूल्स सोबत घेतो. प्लगइनला सीएसव्ही लागत असेल आणि गाभ्यात ते कुठेच वापरलं नसेल, तर तुमच्या टेबलावर सगळं चालतं आणि कळमन्यात 'मॉड्यूल सापडलं नाही' येतं. प्लगइन लेखकांना कुठली मॉड्यूल्स मिळतील याची यादी जाहीर करा आणि ती सगळी 'हिडन इंपोर्ट' म्हणून बांधणीत घाला. बाहेरच्या लायब्ररींचं तर सरळ नाही म्हणा: एका प्रोसेसमध्ये एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते, आणि दोन प्लगइनना दोन हव्या असतात.

प्रोग्राम चालू असताना प्लगइन बदलण्याची सोय मागितली जाते. देऊ नका. पायथॉनमध्ये मॉड्यूल पुन्हा लोड केलं तरी आधीचे ऑब्जेक्ट जुन्याच क्लासला धरून राहतात आणि 'हा त्या क्लासचा आहे का' या तपासण्या खोट्या ठरू लागतात. प्रोग्राम बंद करून सुरू करायला दहा सेकंद लागतात, तेवढा वेळ गाळ्यावर असतो.

काटा वेगळ्या प्रोसेसमध्ये

कपात म्हणजे नुसतं गणित, ते गाभ्याच्या प्रोसेसमध्येच चालू द्या. काटा मात्र बाहेरच्या यंत्राशी बोलतो आणि अडकू शकतो. सिरियल पोर्टसाठी सगळे वापरतात त्या पायसिरियलमध्ये वाचण्याची कालमर्यादा न सांगितल्यास अमर्याद असते; काट्याची वायर निघाली की प्रोग्राम तिथेच थिजतो. कालमर्यादा एक सेकंद ठेवा. तेवढ्यानं भागत नाही, कारण प्लगइन लेखक ती विसरू शकतो आणि पायथॉनमध्ये अडकलेला थ्रेड बाहेरून मारता येत नाही. प्रोसेस मारता येते. म्हणून काट्याचं प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये, सकाळी एकदा सुरू करून दिवसभर चालू ठेवायचं. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटरसुद्धा एक्स्टेन्शन्स वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, ते याच भीतीनं.

दोघांचं बोलणं स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून, एका ओळीत एक जेसन संदेश. यात काय बिघडतं ते सांगतो. प्लगइनमध्ये कुठेतरी 'प्रिंट' राहून गेलेलं असतं आणि तो मजकूर संदेशांत मिसळतो. म्हणून प्लगइन सुरू होण्याआधी त्याचं आउटपुट एररच्या वाटेकडे वळवा आणि खरी वाट फक्त तुमच्या कोडकडे ठेवा. पण मग एररची वाट कोणी वाचलीच नाही तर ती भरते आणि प्लगइन लिहिता लिहिता अडकतं. ती वाचून लॉगमध्ये टाकणारा एक थ्रेड हवाच. प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा, म्हणजे साठलेलं लगेच पुढे पाठवा. विंडोजवर नवी प्रोसेस काळी खिडकी उघडते, ती 'क्रिएट नो विंडो' या खुणेनं बंद होते. आणि बांधलेल्या फाइलीत 'सिस-एक्झिक्युटेबल' म्हणजे पायथॉन नसून तुमचाच प्रोग्राम असतो, त्यामुळे भोळेपणानं नवी प्रोसेस सुरू केली की प्रोग्रामची दुसरी प्रत उघडते, ती तिसरी उघडते. सुरू होतानाच 'मी प्लगइनवाहक आहे का' हे आर्ग्युमेंट तपासून वेगळी वाट धरा.

काट्याच्या तपशिलात: ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ही जोडणी पुष्कळ ठिकाणी भेटते, पण ती मॅनिफेस्टसोबतच्या सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये नाही. काटा सतत आकडे फेकत असेल तर पोर्ट उघडल्यावरची पहिली ओळ फेकून द्या. ती अर्धी असू शकते, आणि ३४० ही २,३४० चीच शेपटी असू शकते. करारात वजनाबरोबर 'स्थिर आहे का' हे सक्तीचं ठेवा. ज्या काट्यातून तशी खूण येत नाही, तिथे प्लगइननं लागोपाठ पाच सारखे आकडे आल्यावरच स्थिर म्हणावं. यूएसबीचं टोक दुसऱ्या खाचेत घातलं की कॉम पोर्टचा क्रमांक बदलू शकतो. कन्व्हर्टरच्या अनुक्रमांकावरून पोर्ट ओळखणं बरं, पण सीएच ३४० चिपच्या स्वस्त कन्व्हर्टरला बहुधा तो नसतोच. तिथे हाती चिठ्ठी: 'काटा याच खाचेत'.

छपाई: किती काम प्लगइनकडे

थर्मल प्रिंटरला मराठी मजकूर थेट पाठवून भागत नाही. जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवायची त्याची तयारी नसते. पट्टीचं चित्र करूनच पाठवावं लागतं. हे काम प्रत्येक छपाई प्लगइनवर सोडलं तर पाच लेखक पाच प्रकारे चुकतील. पिलो लायब्ररीत राक्म हे मांडणीचं इंजिन नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, 'किलो'चं भलतंच काही होतं. म्हणून चित्र गाभ्यानं करावं, प्लगइननं फक्त रुंदी सांगावी आणि मिळालेलं चित्र प्रिंटरपर्यंत पोचवावं.

रुंदी मिलिमीटरमध्ये विचारू नका, ठिपक्यांत विचारा. ८० मिलिमीटरच्या कागदावर छापता येतात साधारण ७२, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ५७६. ५८ च्या कागदावर ३८४. चित्र पाठवायला किती वेळ लागेल तोही मोजा: ५७६ ठिपक्यांची एक ओळ ७२ बाइट, १०० मिलिमीटरच्या पट्टीत ८०० ओळी, एकूण ५७,६०० बाइट. ९६०० बॉडच्या सिरियल वायरीवरून सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे एका पट्टीला पूर्ण एक मिनिट. रांगेत चाळीस शेतकरी असताना हे परवडत नाही. प्रिंटर यूएसबीवरच घ्या.

बिघडल्यावर काय करायचं, ते जोडानुसार

'प्लगइन बिघडलं तर ते सोडून पुढे जा' हा सरसकट नियम पैशाच्या प्रोग्रामला घातक आहे. दवंडी ऐकणारं प्लगइन बिघडलं तर नोंद करून पुढे जा, एसएमएस नंतरही जाईल. छपाई बिघडली तर पट्टी आधीच जतन झालेली असली पाहिजे, म्हणजे पुन्हा छापता येते. काटा बिघडला तर हातानं वजन भरू द्या, पण पट्टीवर तशी खूण छापा. कपात बिघडली तर मात्र पट्टी पूर्ण होऊच देऊ नका. हमालीची ओळ गुपचूप गळलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली, तर ते पैसे कोणाच्या तरी खिशातून जाणार.

जतन करताना कपातीच्या ओळी रकमेसकट साठवा आणि प्रत्येक ओळीशेजारी प्लगइनची ओळख आणि आवृत्ती. अंबिया बहारातली पट्टी मृग बहारात पुन्हा छापायची वेळ आली, तर साठवलेल्या ओळी छापा. नव्या प्लगइननं पुन्हा गणित करू नका.

विश्वास आणि सही

पायथॉनमधलं प्लगइन तुमच्या प्रोग्रामइतकंच मोकळं असतं. त्याला आतून बांधून ठेवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फोडले गेले आहेत. वेगळी प्रोसेस अडकण्यापासून वाचवते, वाईट हेतूपासून नाही. मॅनिफेस्टमधली 'परवानगी' ही माणसाला दाखवण्याची माहिती आहे, कुलूप नाही. तसं लेखकांना स्पष्ट सांगा. अनोळखी माणसांचा कोड चालवायचाच असेल तर वेबअसेंब्लीसारखी मुळातच बंदिस्त वाट धरावी लागेल.

ओळखीच्या लेखकांसाठी सही पुरते. सगळ्या फायलींचे शा-२५६ ठसे (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) मॅनिफेस्टमध्ये, आणि मॅनिफेस्टवर ईडी-२५५१९ ची सही. सही तपासताना फाइलचे जे बाइट वाचले तेच कंपाइल करून चालवा. तपासून झाल्यावर नेहमीच्या मार्गानं इंपोर्ट केलं, तर पायथॉन शेजारच्या पायकॅश फोल्डरातली आधी कंपाइल केलेली फाइल उचलू शकतो, आणि ती तुम्ही तपासलेलीच नसते.

बाहेर देण्याआधी

प्लगइन लेखकाला दस्तऐवजाआधी दोन गोष्टी द्या: चालणारं सर्वांत छोटं प्लगइन आणि कसोटीच्या पट्ट्यांचा संच. संचात शून्य वजन, एक किलो, शंभर टन, अर्ध्या पैशावर येणारी टक्केवारी, क्रेट नसलेला सुटा माल, आणि एकाच पट्टीत दोन भाव हे हवेच. प्रत्येकाचं बरोबर उत्तर हातानं काढून लिहिलेलं असावं. कपातीच्या प्लगइनला आणखी एक चाचणी: तीच पट्टी दोनदा दिली तर तेच उत्तर दोनदा आलं पाहिजे. आत कुठेतरी बेरीज साठवून ठेवणारी प्लगइन इथे उघडी पडतात. तुमच्या स्वतःच्या कपातीही याच वाटेनं लिहा, गाभ्यात चोरवाट ठेवू नका. करारातली उणीव मग पहिल्यांदा तुम्हालाच टोचते.

नवी आवृत्ती जुन्यावर लिहू नका. शेजारी नव्या फोल्डरात ठेवा आणि 'चालू कोणती' ही एक छोटी फाइल बदला, तीही आधी तात्पुरत्या नावानं लिहून, डिस्कवर पक्की उतरवून (एफसिंक) मग एका झटक्यात जागेवर आणा. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली तर फाइल अर्धी राहत नाही, एक तर जुनी असते किंवा नवी. प्रोग्राम सुरू होताना एका फाइलीत आकडा एकनं वाढवा आणि पहिली पट्टी निघाली की तो शून्य करा. सुरू होताना तो २ च्या वर दिसला, तर त्या खेपेला सगळ्या प्लगइनच्या मागच्या आवृत्त्या घ्या आणि पडद्यावर मराठीत लिहा: कोणतं प्लगइन मागे नेलं, कधी, आणि कोणाला फोन करायचा.